पंच म्हणून सही करण्यापूर्वी

तुम्ही आंबेगाव तालुक्यातल्या पारगावचे. घोड नदीचा काठ, जिकडेतिकडे ऊस, दत्तात्रयनगरला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आणि कारखान्याचंच नाव लावणारं पोलीस ठाणं. अशा गावात चार माणसांत ऊठबस असलेल्याला कधी ना कधी हवालदाराचा फोन येतोच: "जरा पंच म्हणून या, पाच मिनिटांचं काम आहे." कुणी विहिरीत सापडलेलं असतं, कुणी उसाच्या सरीत. तुम्ही जाता, नाकाला रुमाल लावून दोन पावलं मागे उभे राहता. हवालदार लिहितात, तुम्ही सही करता आणि घरी येऊन डोक्यावरून पाणी घेता.

त्या सहीवर किती काय अवलंबून असतं, ते दाखवायला तुम्हाला आज मागे नेतो आहे. तीन मुक्काम आहेत. पहिला जवळचाच. जिल्हा हाच, गावाचं नावही हेच, फक्त तालुका आणि नदी वेगळी.

18 जानेवारी 2023. पारगाव, तालुका दौंड

भीमेच्या पात्रात मासे धरणाऱ्यांना एका बाईचा मृतदेह दिसला आहे. यवत पोलीस ठाण्याच्या हद्दीतली ही जागा. तुम्ही काठावर उभे आहात आणि पंच म्हणून तुमचं नाव लिहिलं गेलं आहे.

कागदावर सुरुवात होते ती 'आकस्मिक मृत्यू' अशी. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 174 सांगतं की दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष मृतदेहाची स्थिती, अंगावरच्या जखमा आणि त्या कशानं झाल्यासारख्या दिसतात, हे लिहायचं. (1 जुलै 2024 पासून हेच काम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली होतं, पण तुम्ही आत्ता 2023 मध्ये आहात.) मृत्यूचं कारण सांगणं डॉक्टरांच्या हाती. तुमच्या हाती पाहणं.

तेव्हा रुमाल काढा आणि पुढे व्हा.

आधी नाक-तोंड पाहा. जिवंतपणी पाण्यात बुडालेल्या माणसाच्या नाकातोंडाशी बारीक, पांढरा, चिवट फेस येतो. पुसला तरी छाती दाबल्यावर पुन्हा येतो. देह कुजू लागला की मात्र तो टिकत नाही, म्हणून आज दिसला तर आजच लिहायचा. मग हात. तळव्यांची कातडी पाण्यानं सुरकुतलेली असेल, पण त्यावरून फक्त देह पाण्यात होता एवढंच कळतं. मेलेल्या माणसाचे हातही सुरकुततात. मूठ मिटलेली असेल तर ती ओढून उघडू नका, उघडू देऊही नका. त्या मुठीत शेवाळ, गवताची मुळं, वाळू असेल तर माणूस पाण्यात पडताना जिवंत आणि शुद्धीवर होता, काहीतरी धरायला धडपडत होता, याची इतकी पक्की खूण दुसरी नाही. मनगटं, घोटे, गळा. दोरीचा वळ आहे का? कपड्यांना मारलेली गाठ कशी आहे? अंगावर दागिने आहेत की ओरबाडल्याची खूण आहे? मासे आणि कासवं ओठ, पापण्या, कानाच्या पाळ्या खातात, पुलाच्या खांबावर देह आपटतो, आणि त्या साऱ्या खुणा जखमांसारख्याच दिसतात. जिवंतपणीच्या जखमेभोवती रक्त मांसात मुरलेलं असतं. मेल्यानंतरच्या जखमेच्या कडा फिकट, कोरड्या असतात. तुम्हाला यातला फरक ओळखता आला नाही तरी चालेल. जखम कुठे आहे आणि किती बोटं लांब आहे, हे लिहिलं गेलंच पाहिजे.

आणि एक गोष्ट घाईत नेहमी सुटते. नदीत देह जिथे सापडतो, ती जागा घटनास्थळ नसते. घटनास्थळ कुठेतरी वरच्या अंगाला असतं. तिथे चपला, पिशवी, दगडावरचं रक्त, चिखलात गाडीच्या चाकांचा ठसा असू शकतो. पाऊस, गुरं आणि बघ्यांची गर्दी यांच्या आधी ते गाठावं लागतं.

20 तारखेला दुसरा मृतदेह सापडतो. 21 ला तिसरा, 22 ला चौथा. तुम्ही रोज काठावर आहात. लोक विचारतात, एकत्र गेली असतील तर एकत्र वर का येत नाहीत? बुडालेला माणूस तळाशी जातो आणि पोटात कुजण्याचे वायू साठले की वर येतो. उन्हाळ्यात हे भराभर होतं, हिवाळ्याच्या गार पाण्यात त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो. शिवाय अंगातली चरबी, कपड्यांचं वजन, तळाचे दगड आणि काटेरी झुडपं यांनी प्रत्येकाचा हिशेब बदलतो. एकाच रात्री पाण्यात गेलेली माणसं वेगवेगळ्या दिवशी वर येतात.

दोन बायका, दोन पुरुष. ओळख पटते: नवरा-बायको, त्यांची मुलगी आणि जावई. मजुरी करून पोट भरणारं कुटुंब. आणि आता काठावर एक वाक्य तयार होतं, जे तुम्ही या आधीही शंभर वेळा ऐकलं आहे: घरातलं काहीतरी प्रकरण होतं म्हणे, अब्रूपायी सगळ्यांनी मिळून जीव दिला. पोलिसांचा पहिला संशयही कुटुंबातल्या मुलाच्या एका प्रकरणामुळे झालेल्या सामूहिक आत्महत्येकडेच होता. चौघांच्या शवविच्छेदनाचा प्राथमिक निष्कर्ष येतो: पाण्यात बुडून मृत्यू. काठावरची माणसं मान डोलावतात. जुळलं सगळं.

इथे थांबा आणि शवविच्छेदनगृहात चला. कुठलंही घ्या, ग्रामीण रुग्णालयाच्या मागच्या बाजूची एखादी खोली. डॉक्टर छाती उघडतात. बुडून मेलेल्याची फुप्फुसं फुगून हृदयावर चढलेली असतात. बोट दाबलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो. कापलं की फेसाळ पाणी येतं. श्वासनळीच्या आतल्या बारीक फाट्यांत गाळ, पाणवनस्पतीचा तुकडा. जठरातही नदीचं पाणी. संशय उरला तर मांडीच्या हाडातली मज्जा काढून ठेवतात. नदीच्या पाण्यात डायटम नावाची सूक्ष्म शैवालं असतात. त्यांचं कवच सिलिकाचं, म्हणजे काचेच्याच जातीचं, त्यामुळे तीव्र आम्लात मज्जा विरघळते आणि कवचं उरतात. हृदय चालू असताना पाणी फुप्फुसात गेलं तरच ती रक्ताबरोबर हाडापर्यंत पोचतात, हा या चाचणीचा आधार. चाचणी बिनचूक नाही. बुडालेल्याच्या मज्जेतही कधी डायटम सापडत नाहीत, आणि न बुडालेल्याच्या नमुन्यात बाहेरचे मिसळू शकतात. पण मज्जेतले डायटम त्याच नदीचे आहेत का, हे ताडून पाहायला नदीचं पाणी लागतं, आणि ते पाणी तेव्हाच, पात्रातून, पंचांसमक्ष बाटलीत भरून सील करावं लागतं. डॉक्टर ते नंतर कुठून आणणार? पंचनाम्यात पाण्याचा नमुना नसेल तर ती उणीव तुमच्या सहीच्या वरच्या ओळींमधली आहे.

समजा, फेस होता, फुप्फुसं फुगलेली होती, डायटम जुळले. काय सिद्ध झालं? माणूस पाण्यात गेला तेव्हा श्वास घेत होता, इतकंच. तो उडी मारून गेला, पाय घसरून गेला की कुणी उचलून टाकला, यातलं काहीही फुप्फुस सांगत नाही. तिन्ही प्रकारांत ते सारखंच फुगतं. मला वाटतं, आपल्याकडे सर्वांत जास्त घात इथेच होतो. 'बुडून मृत्यू' हे मृत्यूचं कारण झालं. मृत्यू कुणामुळे झाला हा वेगळा प्रश्न आहे, आणि लोक पहिलं उत्तर ऐकून दुसरा प्रश्न मिटवून टाकतात. पाण्यात दाबून धरलं असेल तर दंडावर, खांद्यावर, मानेच्या मागे बोटांचे ठसे असतात, पण ते अनेकदा कातडीवर दिसतच नाहीत. कातडी सोलून आतले स्नायू पाहावे लागतात. आधी गुंगीचं काही पाजलं असेल तर ते रक्तात आणि व्हिसेऱ्यात, म्हणजे राखून ठेवलेल्या आतल्या अवयवांत, शोधावं लागतं. कुजलेल्या देहावर यातलं अर्धं हाती लागत नाही. मग उरतो तो शरीराबाहेरचा पुरावा: शेवटचं कुणी कुणाबरोबर पाहिलं, मोबाईल कुठे बंद पडला, कुठली गाडी कुठल्या रस्त्यानं गेली.

24 जानेवारी. पात्रात तीन मुलांचे मृतदेह सापडतात. मृत नवरा-बायकोची नातवंडं. सर्वांत धाकटं तीन वर्षांचं.

तीन वर्षांचं मूल आत्महत्या करत नाही. हे इतकं उघड वाक्य लिहायलाही जड जातं, तरी वर्तमानपत्रांत 'एकाच कुटुंबातील सात जणांची आत्महत्या' अशा ओळी सहज छापल्या जातात. काठावरची कहाणी खरी धरली तरीही या तीन मुलांचा खून झाला होता आणि खुनी त्या चौघा मोठ्यांत होता. मग कोण? चौघं तयार होती की दोघांना भाग पाडलं? आधी कोण पाण्यात गेलं? शेवटी कोण उरलं होतं? हे प्रश्न विचारल्याशिवाय 'सामूहिक आत्महत्या' हा शब्द कागदावर येता कामा नये. सात देह म्हणजे सात मृत्यू. प्रत्येकाचा पंचनामा वेगळा, शवविच्छेदन वेगळं आणि उत्तरही वेगळं असू शकतं.

याला आणखी एक बाजू आहे आणि तीच मला सर्वांत गंभीर वाटते. एरवीच्या खुनात आरोपी असतो, त्याचा वकील असतो, उलटतपासणी होते. डॉक्टरांना पिंजऱ्यात उभं करून विचारतात की तुम्ही मानेचं हाड तपासलं होतं का. पंचाला विचारतात की तू खरंच तिथे होतास का. पण खून करून आत्महत्या असा निष्कर्ष निघाला की आरोपीच मेलेला. महाराष्ट्रात पोलीस अशा गुन्ह्यात न्यायालयाला 'ॲबेटेड समरी' पाठवतात: आरोपी मयत, खटला चालवता येत नाही. प्रकरण बंद. पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल यांना भर न्यायालयात कुणी कधी आव्हान देत नाही. ज्याच्यावर खुनाचा ठपका बसला तो मेलेला माणूस बोलू शकत नाही, आणि त्याच्या बाजूनं बोलायला घरातलं कुणी उरलेलंच नसतं. बाहेरच्या खुन्याला याहून सोयीची जागा कुठली?

25 जानेवारीला पुणे ग्रामीण पोलीस जाहीर करतात की ही आत्महत्या नाही. मृतांच्याच पाच नातलगांना अटक झाली आहे. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्यांच्या घरातला एक तरुण काही महिन्यांपूर्वी अपघातात गेला होता, त्या मृत्यूला या कुटुंबातला मुलगा जबाबदार असल्याचा त्यांना संशय होता आणि त्याचा सूड म्हणून सात जणांना नदीत टाकलं. हा पोलिसांचा आरोप आहे, तो सिद्ध करण्याची जागा न्यायालय. तुम्ही एवढंच लक्षात ठेवा की चौघांच्या अहवालातलं 'बुडून मृत्यू' हे कारण आत्महत्येच्या कहाणीशी जुळत होतं आणि खुनाच्या आरोपाशीही जुळतं.

20 जून 2022. म्हैसाळ, तालुका मिरज

सात महिने मागे, कृष्णेच्या खोऱ्यात. दोन भावांची दोन घरं, एकमेकांपासून अंतरावर. दोन्ही मिळून नऊ मृतदेह. घरात चिठ्ठ्या सापडल्या आहेत आणि चिठ्ठ्यांत सावकारांची नावं आहेत. बाहेर गर्दीला कारण सांगण्याची गरज नाही, सगळ्यांना ते आधीच ठाऊक आहे: कर्ज. चिठ्ठीतल्या नावांवर आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा गुन्हा दाखल होतो, अटका होतात.

तुम्ही आत जा. इथे नदी नाही, इथे घटनास्थळ चार भिंतींत जसंच्या तसं आहे. कशालाही हात लावू नका. दार आतून लावलेलं होतं की बाहेरून, कडी कुणी काढली, पहिल्यांदा आत कोण आलं, हे आधी लिहून घ्या. कारण अशा घरात पोलिसांच्या आधी पंधरा शेजारी आत येऊन गेलेले असतात. मग स्वयंपाकघर. प्याले मोजा. किती उष्टे आहेत, किती धुऊन पालथे घातले आहेत? मरायला निघालेला माणूस कप धुऊन ठेवेल का? उलटी कुठे पडली आहे आणि माणूस कुठे? विषानं तळमळणारा माणूस जागेवर नीट झोपून राहत नाही. अंथरुणावर चादर सरळ असेल तर ती कुणी सरळ केली? विषाची बाटली कुठे आहे, तिच्यावर कुणाकुणाच्या बोटांचे ठसे आहेत, आणि ती घरात आणली कुणी?

मग चिठ्ठी. हस्ताक्षर मृताचं आहे, एवढ्यावर समाधान मानलं जातं. म्हैसाळमध्ये पोलिसांना खटकलं ते वेगळंच होतं. आत्महत्येच्या चिठ्ठीत माणूस सहसा आधी आपलं दुःख, आपलं कारण लिहितो आणि मग कुणाला दोष द्यायचा त्यांची नावं घेतो. इथे नावांची यादी आधीच होती. आठवड्यानं, 27 जूनला पोलिसांनी सोलापूरच्या दोघांना अटक केल्याचं सांगितलं. त्यांच्या आरोपानुसार गुप्तधन काढून देण्याच्या बोलीवर कुटुंबाकडून मोठी रक्कम घेतली गेली होती, ती परत मागितली जाऊ लागली, म्हणून चहातून विष दिलं गेलं. आणि नावांचे कागद कुटुंबाकडून दुसऱ्याच निमित्तानं लिहवून घेतलेले होते. अक्षर खरं, कागद खरा, पण त्यावरून काढलेला अर्थ साफ चुकीचा.

विषाच्या मृत्यूत डॉक्टरांचं काम टेबलावर संपत नाही. जठर आणि त्यातला ऐवज, लहान आतड्याचा तुकडा, यकृत, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग, रक्त. हे सगळं काचेच्या बरण्यांत, बहुतेक वेळा मिठाच्या संपृक्त द्रावणात, ठेवतात आणि त्या द्रावणाचाही नमुना वेगळा देतात, विष बरणीतलंच नव्हतं हे दाखवायला. कातडी भाजणाऱ्या काही आम्लांच्या बाबतीत मीठ चालत नाही, तिथे स्पिरिट वापरतात. बरणीवर चिठ्ठी, लाखेचं सील, सीलचा नमुना, मुद्देमाल कारकुनाची नोंद. तुमच्या पारगावचा व्हिसेरा पुण्याला गणेशखिंडीतल्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो. तिथून अहवाल यायला वेळ लागतो, आणि तोवर गावानं आपला निकाल लावलेला असतो. घरात नऊ देह असतील तर बरण्यांचे संच नऊ. एकातलं विष सापडलं म्हणून बाकीच्यांचं धरून चालायचं नसतं. कुणाच्या पोटात किती विष, सोबत काय होतं, शेवटचं जेवण किती पचलं होतं, यावरूनच कोण आधी गेलं आणि कोण मागे राहिलं याचा क्रम लागतो.

सगळीच प्रकरणं म्हैसाळसारखी उलटत नाहीत, हेही तुम्हाला सांगायला हवं. घरातल्याच माणसानं बायकोमुलांचा जीव घेऊन स्वतःला संपवल्याच्या घटना खऱ्या असतात आणि दुर्दैवानं वारंवार घडतात. तेव्हा हाच पुरावा तेही तितक्याच स्पष्टपणे दाखवतो. जो शेवटी मेला त्याच्या कपड्यांवर इतरांचं रक्त असतं, इतरांच्या अंगावर त्याचं नसतं. इतरांच्या तळहातांवर आणि कोपरांवर वार अडवल्याच्या जखमा असतात. त्याच्या मनगटावर एकमेकांना समांतर, उथळ, कचरत मारलेले काप असतात. रक्तातून चाललेली पावलं एकाच माणसाची असतात आणि ती त्याच्याच देहाशी जाऊन थांबतात. त्यानं गळफास घेतला असेल तर वळ मानेच्या वरच्या भागात, तिरका, गाठीकडे चढत गेलेला आणि एका बाजूला तुटलेला दिसतो. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ सरळ खाली ओघळलेली असते, आणि लाळ जिवंत माणसाचीच ओघळते. गळा आवळून मारलेल्याचा वळ खाली, आडवा, मानेभोवती पुरा फिरलेला असतो आणि आतले स्नायू रक्ताळलेले असतात. मेल्यावर रक्त देहाच्या खालच्या बाजूला उतरून कातडीवर जांभळा डाग धरतं आणि सहा ते आठ तासांनी तो डाग पक्का होतो. लटकलेल्या देहात तो पायांत आणि हाताच्या पंजांत हवा. लटकलेल्या माणसाच्या पाठीवर पक्का डाग दिसला तर तो आधी तासन् तास पाठीवर पडून होता आणि नंतर कुणीतरी त्याला वर बांधलं. मेलेला माणूस स्वतः फास लावत नाही. म्हणजे घरात आणखी कुणीतरी होतं.

कधी उत्तर खून आणि आत्महत्या या दोन्हींच्या बाहेर असतं. 1 जुलै 2018 ला दिल्लीतल्या बुराडीत एका घरात अकरा मृतदेह मिळाले. तिथे घरातल्या वह्यांमधल्या नोंदी, नातलगांच्या मुलाखती आणि मृतांची मनःस्थिती यांचा अभ्यास करून केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेनं मानसशास्त्रीय शवविच्छेदन केलं. निष्कर्ष असा की त्यांना मरायचं नव्हतं. एक विधी करताना ते गेले. वह्या कुणी रद्दीत टाकल्या असत्या तर हे कधीच कळलं नसतं.

25 एप्रिल 1891. मुंबई, राजाबाई टॉवर

शेवटचा मुक्काम. आता तुम्ही पंच नाही, मुंबईच्या कॉरोनरच्या ज्यूरीत आहात. 1871 च्या कायद्यानुसार शहरातल्या संशयास्पद मृत्यूची चौकशी कॉरोनर ज्यूरीसमोर करतो. मुंबईत हे पद 1999 पर्यंत टिकलं. विद्यापीठाचा हा 280 फुटी मनोरा पुरा होऊन बारा वर्षं झाली आहेत, आणि त्याच्या पायथ्याशी दोन पारशी तरुणी मरून पडल्या आहेत: विशीतली बाचूबाई आणि सोळा वर्षांची फिरोजबाई. बाचूबाई आर्देशीर गोदरेज यांची पत्नी. पुढे कुलुपांचा कारखाना काढून देशभर नाव कमावणारे हे आर्देशीर आज तेवीस वर्षांचे आहेत.

पडल्या, उड्या मारल्या, की ढकलल्या गेल्या? कुणा पुरुषापासून अब्रू वाचवायला त्यांनी स्वतः कठडा ओलांडला, असं शहर बोलतं आहे. तसं असेल तर ती आत्महत्या म्हणायची का?

तुमच्या हाती काय आहे ते पाहा. ग्रँट मेडिकल कॉलेजातले प्राध्यापक आणि मुंबई सरकारचे रासायनिक परीक्षक आय. बी. ल्यॉन यांचं भारतासाठी लिहिलेलं वैद्यकीय न्यायशास्त्राचं पाठ्यपुस्तक 1889 मध्येच निघालं आहे. म्हणजे ज्ञान शहरात आहे. पण हत्यारं नाहीत. कपड्यावरचं रक्त माणसाचं की जनावराचं, हे खात्रीनं सांगणारी चाचणी यायला अजून दहा वर्षं आहेत. रक्तगटही तेव्हाच कळणार. बोटांच्या ठशांचं कार्यालय कलकत्त्यात 1897 ला निघेल. अंगावरचे कपडे जिन्यात झटापटीत फाटले की पडताना, हे फक्त डोळ्यांनी ठरवायचं.

तरी डोळे आणि फूटपट्टी पुष्कळ काही देतात. भिंतीपासून प्रत्येकीचा देह किती फुटांवर पडला? सहज घसरलेला देह भिंतीलगत पडतो, उडी मारलेला किंवा जोरानं लोटलेला लांब जातो. कठड्याची उंची किती आणि मुलींची किती? अंगाच्या कुठल्या बाजूनं आपटल्या? आणि आपटण्यानं होऊ न शकणारी एखादी खूण, म्हणजे गळ्यावर नखं, मनगटावर पकड, मांडीवर खरचटणं, आहे का? वरच्या सज्जात धुळीत पावलं उमटली आहेत का, आणि ती पाहायला जाणाऱ्यांनी आपल्या पावलांनी पुसली तर नाहीत ना? ज्यूरीतल्या माणसाला साक्षीदाराला प्रश्न विचारता येतो. डॉक्टरांना विचारा.

खुनाच्या आरोपाखाली माणेकजी अस्लाजी या माणसावर खटला भरला गेला. तो निर्दोष सुटला. पारशी समाज ढवळून निघाला, मुंबईची वर्तमानपत्रं महिनोन् महिने त्याच विषयानं भरून वाहिली, तट पडले. त्या सज्जात नेमकं काय घडलं ते मात्र न्यायालयात कधीच ठरलं नाही, आणि सव्वाशे वर्षं उलटली तरी लेख येतात ते तर्काचेच.

दुसऱ्यांदा तपासायची सोय इथे नव्हती. पारशी रिवाजात देह दख्म्यात, म्हणजे गिधाडांसाठी उघड्या ठेवलेल्या मनोऱ्यात, जातो. आपल्याकडे चिता तेच करते. एकदा अग्नी दिला की मानेतलं हाड मोडलं होतं का, हे कुणालाच पाहता येत नाही. ओळख न पटलेले मृतदेह पोलीस शक्यतो जाळत नाहीत, पुरतात, ते यासाठीच.